कानाशी धरलेलं अंडं

रुक्मिणीने अंड्यांवर बसवलेली कोंबडी कधी रिकामी उठत नाही, असं अख्ख्या आळीत म्हणायचे. आळी आगाशीच्या अलीकडची. एका अंगाला केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला भातशेती, मधून बैलगाडीचा रस्ता. हिंदू घरं, ख्रिस्ती घरं, सगळी एकमेकांत मिसळलेली. कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं सोडून पिसं फुलवून कोपरा धरून बसली, की घरची बाई आधी नवऱ्याला सांगायची नाही, रुक्मिणी राऊतला सांगायची.

रुक्मिणी यायची ती पदर खोचूनच. कोंबडीच्या पोटाखाली सरळ हात घालायची. चोच मारली नाही तर हात झटकून उभी राहायची. "हिला काय बसवता? ही नाटकी आहे नुसती. उद्या उठून चरायला जाईल, अंडी पडतील गार. टोपलीखाली घाला दोन दिवस, ओल्या जमिनीवर, उतरेल सगळं सोंग." आणि एखादीने चवताळून मनगटाचं सालटं काढलं की हिचा चेहरा खुलायचा. "अगं बाई, ही खरी आई!"

मग सगळं साग्रसंगीत. रहाटाचं फुटकं मडकं किंवा जुनी पाटी घ्यायची, तळाला राख, त्यावर निरगुडीचा पाला, म्हणजे उवा होत नाहीत, वर भाताचा पेंढा. पहिल्या दिवशी नुसते गुळगुळीत दगड ठेवून कोंबडीची परीक्षा. पास झाली की दिवेलागणीला खरी अंडी, तीही विषम आकड्यानेच. पेंढ्यात एक खिळा खुपसायचा, ढगांचा गडगडाट झाला तर अंडी नासू नयेत म्हणून. रोज एकदा कोंबडीला उचलून बाहेर काढायची, कण्या घालायच्या, धुळीत लोळू द्यायची, आणि अंडी गार व्हायच्या आत परत बसवायची. पिल्लू आतून टोचायला लागलं की बाया उतावळ्या होऊन टरफल सोलायला बघत. रुक्मिणी त्यांच्या हातावर फटका मारायची. "त्याचं त्याला येऊ दे बाहेर. तुला काय सोलून काढलं होतं?"

तिचा नवरा जगन्नाथ या सगळ्यावर वैतागलेला असायचा. त्याचा जीव पानवेलीत. कोंबड्या वेलीच्या मुळाशी उकरतात म्हणून तो दिवसभर खडे मारत फिरे. "मी तापाने फणफणलो तर कपाळाला हात लावून बघत नाहीस, आणि कोंबडीच्या पोटाखाली दिवसातून दहादा हात घालतेस." रुक्मिणी म्हणायची, "तुम्ही बसा अंड्यांवर, तुमच्याही पोटाखाली घालीन." तो विडी पेटवून वाडीत निघून जायचा.

पण रुक्मिणीच्या स्वतःच्या कोंबड्या निराळ्याच होत्या. त्यांच्या मानेवर पीस म्हणून नसायचं. डोक्यावर पिसं, अंगावर पिसं, मधली मान लालबुंद उघडी. आळीत त्यांना उघडमानी म्हणत. दिसायला ध्यान, पण उन्हाळ्यातसुद्धा अंडं चुकायचं नाही, अन् पिल्लांवर घार झेपावली तर आकाशात उडी मारायची धमक. रुक्मिणी लग्न होऊन केळव्याकडून गाडीत बसून आली तेव्हा तिच्या आईने डालग्यात घालून दिलेली एक कोंबडी, तिचा हा सगळा वंश. पुढे आई गेली. भावांनी वाडी विकली, घर विकलं, तिसऱ्या गावी जाऊन राहिले. आता माहेरचं म्हणून रुक्मिणीकडे ना भांडं होतं ना लुगडं. या कोंबड्या होत्या. सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि ती लाल मान बाहेर आली की तिला आईच्या अंगणात उभं राहिल्यासारखं वाटे. हे ती कुणाला सांगत नसे, पण वाटे.

आणि हा वाण तिने आळीत कुणाला मिळू दिला नव्हता.

कसा, ते ऐका. श्रावणात राऊतांकडे अंडं शिजत नसे. कोंबड्यांना श्रावण कळत नाही, त्या घालायच्याच. मग ती अंडी कुंपणापलीकडे इझाबेलकडे जायची. आणि ईस्टरच्या आधी इझाबेलचे उपासाचे दिवस लागले की तिची अंडी टोपली भरून इकडे यायची. दोघींच्या सासवांपासूनची ही रीत. फरक एवढाच, की इझाबेलकडून आलेली अंडी रुक्मिणी कोंबडीखाली घालायची, पिल्लं काढायची, आणि रिवाजाप्रमाणे अर्धी पिल्लं इझाबेलला परत द्यायची. आणि रुक्मिणीकडून गेलेली अंडी खाण्यापुरतीच असायची.

ती खाण्यापुरतीच राहावीत याची काळजी रुक्मिणी घ्यायची. आईने लग्नात कोंबडीबरोबर कानमंत्रही दिला होता. "बी घरातच राहू दे. दुसऱ्याच्या दारात गेलं की आपल्या दाराची किंमत गेली. अंडं द्यायचं तर कानाशी धर, जोरात हलव, मग दे. ताजं आहे का बघते म्हणायचं." अंडं शिळं झालं की आत पाणी खळखळतं, म्हणून बाया कानाशी धरून हलवून बघतातच, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. पण रुक्मिणीचं हलवणं नुसतं बघण्याचं नसे. मनगटाला असे काही झटके द्यायची, की आतला जीव जागच्या जागी तुटावा. वर हसून म्हणायची, "ताजं आहे हो." आणि इझाबेलच्या ओच्यात ठेवायची.

इझाबेल भोळी. रुक्मिणीपेक्षा चार वर्षांनी लहान, अंगाने थोराड, सहा पोरांची आई, हसली की विहिरीवर ऐकू जावं अशी. तिला त्या उघडमानी कोंबड्यांचं फार वेड. एकदा बोलून गेली होती, "बाय, मी तुझी दोन अंडी बसवून बघितली. काही नाही झालं. पाणी निघालं आतून."

"अगो, हात असावा लागतो," रुक्मिणी म्हणाली होती.

इझाबेलने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले होते. "खरं आहे तुझं. माझ्या हाताला गुण नाही."

रुक्मिणीला तेव्हा जरा टोचलं. पण जरासंच. हाताला गुण असलेली बाई म्हणून मिरवायला कुणाला आवडत नाही?

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्या साली श्रावण लागतो न लागतो तोच माणिकपूरला दिलेली लेक मंदा बाळंत झाली. रुक्मिणी तिकडे गेली. बाळंतिणीची पथ्यं, बाळाचं न्हाणं, जावयाच्या आईची बोलणी, यात तिचे बरेच दिवस गेले. परत आली तेव्हा फळीवरची अंड्यांची टोपली रिकामी.

"अंडी कुठे गेली हो?"

"दिली कुंपणापलीकडे. दरवर्षी जातात ना?" जगन्नाथ पानं खुडून आणून त्यांच्या चळती लावत होता.

"कानाशी धरून दिलीत का?"

त्याने मान वर केली. "कानाशी? ते घड्याळ आहे का?"

जाऊ दे, खाऊन टाकली असतील, असं रुक्मिणी मनाशी म्हणाली आणि कामाला लागली.

आणि मग कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली.

आधी रस्त्याच्या टोकाच्या घरात एक कोंबडा मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागला. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या सगळ्या कोंबड्या आडव्या. मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. रुक्मिणीने हळदीचं पाणी पाजलं, लसूण ठेचून भरवला, खुराड्यात धुरी केली, देवीला नारळ बोलली. कशाचा काही उपयोग झाला नाही. उघडमान्या एकेक करून पंख पाडून बसल्या, चोची उघड्या टाकून श्वास ओढू लागल्या, आणि त्या लाल माना मागे वळल्या त्या वळल्याच. शेवटची म्हातारी कोंबडी तिच्या मांडीवर गेली. जगन्नाथने वाडीच्या टोकाला खड्डा खणला. खडे मारणारा माणूस, पण खड्डा बुजवून वरची माती हाताने थापटली. संध्याकाळी स्वतः पेज करून तिच्यापुढे ठेवली.

"पी."

"नको."

"दुसऱ्या घेऊ कोंबड्या. अर्नाळ्याच्या बाजारात मिळतील."

"त्या माझ्या आईच्या असतील का?" असं म्हणून रुक्मिणी जी रडायला बसली, ती आई गेली तेव्हाही तशी रडली नव्हती.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच इझाबेल कुंपणातून वाकून आत आली. डोळे सुजलेले. "बाय, माझ्यापण सगळ्या गेल्या. एक तेवढी राहिली होती, खुडूक बसलेली, चुलीमागच्या अंधारात, म्हणून वाचली म्हटलं. ती पण सकाळपासून मान टाकून आहे. अंड्यांवरून उठली. तू ये बघायला."

"मेलेल्या कोंबडीला मी काय बघू?"

"कोंबडीला नको, अंड्यांना बघ." इझाबेल चाचरत म्हणाली, "रागावणार नाहीस ना? त्यात पाच अंडी तुझी आहेत. जगन्नाथभाऊंनी दिलेली. मी दरवर्षी चोरून दोन-चार घालते. कधी फुटत नाहीत, पण मन राहत नाही. वाटतं, एकदा तरी माझ्या दारात उघडमानी फिरेल."

पाच अंडी. जगन्नाथने दिलेली. न हलवता दिलेली!

रुक्मिणी धावतच कुंपणातून गेली. इझाबेलच्या स्वयंपाकघरात कौलाच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा खाली येत होता, बाकी अंधार. रुक्मिणीने पेंढ्यातून अंडं उचललं. अजून कोमट होतं. त्याच्यावर कोळशाची फुली होती, तिच्या अंड्यांची खूण म्हणून इझाबेलने केलेली. तिने ते मुठीत धरून कवडशात नेलं. आत काळोखी होती, आणि त्या काळोखीच्या कडेला तांबडी शीर. तिने अंडं जरा फिरवलं. शिरेजवळ काहीतरी हललं.

"जिवंत आहे," ती पुटपुटली. मग दुसरं, तिसरं. पाचांतली चार जिवंत. इझाबेलची स्वतःचीही बरीचशी जिवंत.

"पण आता बसवणार कुणाखाली?" इझाबेल म्हणाली. "आळीत कोंबडीचं पीस उरलेलं नाही."

रुक्मिणीचं डोकं आता भराभर चालायला लागलं. खाडीकाठच्या धर्मा आगऱ्याची बायको शकू, जवळ्याच्या पाट्या घेऊन आळीत यायची. गेल्या खेपेला कुरकुरत होती, की कोंबडी खुडूक झाली आहे, पाण्यात बुडवली तरी उठत नाही. मधे सगळी भातं, खाडीचे बांध. रोग तिथवर गेला नसेल. "चल," ती इझाबेलला म्हणाली. "कोंडा तापव चुलीवर. हाताला सोसेल इतकाच."

टोपलीत कोमट कोंडा, त्यात अंडी, वर घोंगडीचा तुकडा. ती टोपली रुक्मिणीने पोटाशी धरली, वरून पदर गुंडाळला, आणि दोघी भातांच्या बांधावरून निघाल्या. पाऊस नव्हता पण वारं गार होतं. इझाबेल पुढे चालून वाऱ्याला आडोसा करत होती, तेवढी ती रुंद होतीच. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "रुक्मिणी, पोटाशी काय गं?" इझाबेलच म्हणाली, "आजा, ही खुडूक बसली आहे, बोलू नका, चोच मारील." त्या दिवसात पहिल्यांदा रुक्मिणी हसली.

शकूने मात्र त्यांना बांधावरच अडवलं. दोन्ही हात पसरून उभी राहिली. "आत पाय टाकू नका. तुमचे आलीन कोंबऱ्या मेल्या ना? मना म्हाईत हाय सगला. माझ्या बारा कोंबऱ्या हायत."

"शकू, तुझी कोंबडी खुडूक आहे ना? तिला बसायला अंडी पाहिजेत, आम्हाला कोंबडी पाहिजे. अर्ध्या वाट्याने ठेव. आधी तू निवड."

"आनि रोग आला तं?"

रुक्मिणी बांधावर उभी राहिली. टोपलीतला कोंडा गार होत चालल्याचं तिला पोटाला कळत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात तिने हुकूम सोडले होते, हे कर, ते करू नको. आता तिच्या तोंडून निघालं, "तू सांगशील तसं करते, शकू. पाया पडते तुझ्या."

शकू वरमली. "पाया कशाला पडताव वैनी." जरा विचार करून म्हणाली, "त्या तल्यान न्हावा. डोक्यावरना पानी घ्या. माझा लुगडा देते, तुमचा हितंच ठेवा. आनि अंडी निंबाच्या ऊन पान्यानं पुसून घ्या. ही इझाबेलबाय तिथंच उभी राहील, बांधावर."

रुक्मिणीने तळ्यात तीन बुड्या मारल्या. शकूचं आखूड लुगडं नेसून, ओल्या केसांनी, निंबाच्या ऊन पाण्यात भिजवलेल्या फडक्याने एकेक अंडं अलगद पुसलं. शकूची कोंबडी काळी, बुटकी, भारी तिरसट. रुक्मिणीने पोटाखाली हात घातला, तिने मनगटाला अशी चोच मारली की रक्त आलं.

"खरी आई आहे गं," रुक्मिणी म्हणाली, आणि अंडी एकेक करून तिच्याखाली सारली. कोंबडीने पिसं फुलवली, अंग हलवून अंडी नीट केली, डोळे मिटले.

परतताना बांधावरून इझाबेल मागून चालत होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "आता फुटतील बघ. तुझ्या हाताने ठेवलीस ना? माझ्या हाताने असती तर पाणीच निघालं असतं."

रुक्मिणी थांबली. पुढे नुसतं हिरवं भात वाऱ्यावर हलत होतं. हे आज बोललं नाही तर पुढे कधी बोलणं होणार नाही, हे तिला कळलं. पिल्लं निघाली तर आळी म्हणेल रुक्मिणीचा हात, आणि इझाबेल मरेपर्यंत आपले तळहात उलटेसुलटे करून बघत राहील.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मीच ती अंडी मारून देत होते."

"काय म्हणतेस?"

"कानाशी धरून हलवायची ना मी? ताजी आहेत का बघायला नव्हे. आतला जीव तुटावा म्हणून. दरवर्षी. माझ्या आईचा वाण दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणून. यंदा मी घरी नव्हते, ह्यांनी न हलवता दिली. म्हणून तेवढी जगली."

इझाबेल तिच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग यायलाही वेळ लागला. "मी माझी अंडी द्यायची तुला," ती म्हणाली. "उपासात. कधी हलवली नाहीत."

"नाही हलवलीस."

इझाबेल तिच्या अंगावरून पुढे गेली आणि सगळी वाट मागे वळून बघितलं नाही. वाऱ्याचा आडोसा गेला तशी ओल्या केसांची रुक्मिणी शकूच्या आखूड लुगड्यात कुडकुडली.

पुढचे दिवस वाईट गेले. शकूने रोगापायी येऊ नका म्हणून सांगितलेलं, त्यामुळे अंड्यांची खबर नाही. आणि कुंपणापलीकडून हाक नाही. रहाटावर रुक्मिणी आली की इझाबेल घागर अर्धवट भरून निघून जायची. तिचं ते मोठ्याने हसणंही ऐकू येईनासं झालं. जगन्नाथने विचारलं, "तुमचं काय बिनसलं?" रुक्मिणीने सांगितलं. त्याने विडी विझवली. "म्हणून ते घड्याळ होय?" एवढंच म्हणाला, आणि त्यात चेष्टा नव्हती.

भादव्यात एका सकाळी धर्मा डोक्यावर इरलं घेऊन रस्त्याने चालला होता, तो अंगणाशी थांबला. "वैनी, शकूनी सांगितलंय, पिल्लं निंगाली. या बघायला."

रुक्मिणी हातातलं सूप टाकून उठली, कुंपणाशी गेली, आणि तिथे थांबली. हाक मारायचा धीर होईना. शेवटी कुंपणातून वाकून पलीकडे गेली. इझाबेल अंगणात भांडी घासत होती.

"पिल्लं निघाली. अंडी तुझी आहेत. तू चल."

इझाबेलने हात धुतले, पदराला पुसले आणि निघाली. या खेपेला पुढे निघून गेली नाही.

शकूच्या पडवीत काळी कोंबडी पंख पसरून बसली होती, पंखांखालून चिवचिव चालली होती. शकूने तिच्यापुढे वारुळाचं ढेकूळ फोडून वाळवी टाकली, तशी पिल्लं भराभर बाहेर आली. पिवळी, तपकिरी, काळपट. आणि सगळ्यात शेवटी एक तांबूस पिल्लू धडपडत आलं. मानेला लव नव्हती. डोकं आणि अंग यांच्यामध्ये बोटभर उघडी कातडी.

रुक्मिणीने तोंडावर पदर धरला. चार जिवंत अंड्यांतून हे एक तेवढं आईवर गेलं होतं.

दिवाळी झाल्यावर पिल्लं आईवेगळी झाली आणि वाटणी झाली. आधी कोंबडीवालीने निवडायचं, मग अंडीवालीने. शकू निवडायला बसली, तेव्हा रुक्मिणीचा जीव टांगणीला लागला. शकूने ती उघड्या मानेची तलंग, वयात येऊ लागलेली कोंबडी, उचलली, उलटीपालटी करून बघितली, तोंड वाकडं केलं आणि खाली ठेवली. "हिचे मानेला पिसं कवा येतील? नको रे बाबा मना." आणि दुसरी धडधाकट पिल्लं टोपलीखाली सारली.

मग इझाबेलची पाळी. तिने पहिलं पाऊल टाकलं ते तिकडेच. तलंग उचलून काखेत धरली आणि रुक्मिणीकडे वळली.

"ही माझी," ती म्हणाली.

रुक्मिणीने मान हलवली. तिचा वाटा त्यात नव्हताच. खायला दिलेली अंडी दिली की दिली, रिवाज तोच. "तुझीच," ती म्हणाली. "जपून ने." घरी येऊन तिने रिकामं खुराडं झाडलं आणि उगाच पुन्हा एकदा झाडलं. पुढे तिने शकूकडून एक साधी कोंबडी आणली, खुराडं रिकामं बरं दिसत नाही म्हणून. कुंपणाच्या फटीतून मात्र ती रोज बघायची. उघडमानी इझाबेलच्या अंगणात हिंडायची, पोरं तिच्यामागे धावायची, ती ऐटीत मान वर करून चालायची, थेट केळव्याच्या अंगणातल्यासारखी. बघून बरंही वाटायचं आणि वाईटही.

हिवाळा सरला. इझाबेलचे उपासाचे दिवस लागले. ख्रिस्ती देवळाची घंटा संध्याकाळी जास्त वेळ वाजू लागली. रुक्मिणीची साधी कोंबडी नेमकी तेव्हाच खुडूक झाली, पण अंडी मागायला जायचं तोंड नव्हतं. दगडांवरच बसवून ठेवली होती तिला.

आणि एका दिवेलागणीला कुंपण वाजलं. इझाबेल हातात टोपली घेऊन उभी होती.

"उपास आहेत," ती म्हणाली. "आमच्याकडे खात नाहीत."

टोपलीत लहान लहान पांढुरकी अंडी होती, नुकत्याच घालू लागलेल्या कोंबडीची. कुणाची, ते विचारायला नको होतं. रुक्मिणीने पदर पुढे केला. इझाबेलने एक अंडं उचललं आणि थांबली. मग ते हळूच आपल्या कानाशी नेलं. मनगट वर उचललं.

रुक्मिणीला अडवायचा हक्कच कुठे होता? पदर तसाच धरून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

"ताजं आहे," इझाबेल म्हणाली.

रुक्मिणीने डोळे उघडले. मनगट जागचं हललं नव्हतं. इझाबेलने ते अंडं तिच्या पदरात ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं एकेक.

"तू चल आत," रुक्मिणी म्हणाली. "कोंबडीखाली तूच ठेव. तुझ्या हाताने."

"माझ्या?" इझाबेलने सवयीने तळहात वर केले. रुक्मिणीने ते दोन्ही हात धरले आणि तिला ओढतच घरात नेलं. कोंबडीने इझाबेलला कडकडून चोच मारली. इझाबेल केवढ्याने तरी ओरडली आणि मग हसली, विहिरीपलीकडे ऐकू जाईल अशी.

त्या खेपेला एकही अंडं वाया गेलं नाही. आणि पुढच्या श्रावणात रुक्मिणीने आळीभर अंडी वाटली. टोपली दारात ठेवायची आणि म्हणायची, "घ्या तुमची तुम्ही. मी हात लावत नाही." कुणी विचारलंच, की यांना बसवलं तर पिल्लं निघतील का, तर कुंपणापलीकडे बोट दाखवायची. "इझाबेलला बोलवा. तिच्या हाताला गुण आहे."